ताजी खबर, गेल्या वर्षीची

अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळींना आशियातला आपला पहिला मिशनरी टपालाने मिळाला. त्यांनी त्याला निवडलं नव्हतं, पाठवलं नव्हतं, त्याच्या बोटभाड्याला दमडी दिली नव्हती. १८१३ सालच्या सुरुवातीला कलकत्त्याकडून आलेली पत्रं मॅसॅच्युसेट्समध्ये पोचली. त्यांचा मथितार्थ असा, की आम्ही इकडे येऊन पोचलो आहोत, आता आम्ही तुमचे झालो आहोत, तेव्हा पुढची सोय बघा.

त्याचं झालं असं. १८१२ च्या फेब्रुवारीत तिथल्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळाने पाच तरुण पाद्री हिंदुस्थानाकडे रवाना केले. अ‍ॅडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल हे दोघे बायकांसह सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ जहाजाने निघाले. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस हे ‘हार्मनी’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर होते. काँग्रिगेशनल मंडळी तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा उरकत. बॅप्टिस्टांना हे मान्य नव्हतं. बाप्तिस्मा जाणत्या माणसाने समजून-उमजून घ्यायचा आणि तोही पाण्यात पुरतं बुडून, असा त्यांचा आग्रह. कलकत्त्याजवळ सेरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याचे इंग्रज बॅप्टिस्ट सोबती ठाण मांडून बसले होते. त्यांच्याशी गाठ पडणार, विषय निघणार, वाद होणार. म्हणून जडसनने वाटेतच ग्रंथ उघडून तयारी सुरू केली. चार महिने पुढ्यात ग्रंथ आणि चारी बाजूंना पाणी. कलकत्त्यात उतरल्यावरही वाचन चालूच राहिलं आणि अखेर एक बाजू अगदी भक्कम झाली. ती समोरच्यांची होती. ६ सप्टेंबरला विल्यम वॉर्डने जडसन पतिपत्नींना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. ‘हार्मनी’वरच्या इंग्रज बॅप्टिस्टांशी वाद घालत आलेला राइस १ नोव्हेंबरला त्यांच्याच पंथात दाखल झाला.

हॉल आणि नॉट मात्र कोरडेच राहिले. कंपनी सरकारने हाकलायचा हुकूम काढला तेव्हा ते निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि तिथे अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. याच मिशनने १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढलं. मराठीतलं हे जुनं नियतकालिक आणि जडसनने पुढे ब्रह्मदेशात काढलेलं बॅप्टिस्ट मिशन ही अशी एकाच तुकडीची दोन अपत्यं आहेत.

जडसनपुढे आता पोटाचा प्रश्न होता. पगार देणारे शिंपडणारे आणि हा तर बुडून बसलेला. त्याने प्रामाणिकपणे राजीनामा लिहिला आणि त्याच सुमारास दोन पत्रं बॅप्टिस्टांनाही टाकली. एक होतं बॉस्टनच्या थॉमस बाल्डविनला. बाल्डविन धर्मगुरू होताच, शिवाय १८०३ साली सुरू झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी मासिकाचा संपादकही होता. दुसरं पत्र सेलमच्या ल्यूशियस बोल्सला. या बोल्सला जडसनने निघण्यापूर्वीच सुचवलं होतं, की तुम्ही बॅप्टिस्टांनीही परदेशी मिशनसाठी एखादी संस्था काढायला हवी. त्या वेळी हा सल्ला त्रयस्थाचा होता. आता पत्रात त्याने नम्रपणे त्याची आठवण करून दिली, कारण त्या संस्थेच्या पगारपत्रकावर जाणारा पहिला माणूस तो स्वतःच होता.

संपादकाच्या हाती असं पत्र पडल्यावर ते मुरणार कुठून! हां हां म्हणता गवगवा झाला. इतकी वर्षं हे मासिक कॅरीची इंग्रज पत्रं छापून अमेरिकन वाचकाला दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचं वर्णन ऐकवत होतं. आता कार्य घरचंच निघालं. नवरदेव तेवढा मांडवापासून सहा महिन्यांच्या अंतरावर होता.

हे अंतर नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो. ‘कॅरव्हॅन’ कलकत्त्याला पोचलं १७ जून १८१२ रोजी. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिशांच्या राज्यात नुकतेच उतरलेले हे अमेरिकन प्रवासी तेव्हापासून शत्रुराष्ट्राचे नागरिक होते आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या यजमानांनाही ठाऊक नव्हतं. त्या युद्धाचा शेवटही असाच झाला. तहावर सह्या १८१४ च्या २४ डिसेंबरला झाल्या आणि न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई ८ जानेवारीला, कारण तहाची खबर अजून समुद्रावर हेलकावे खात होती. जिथे सेनापतींना दोन आठवड्यांपूर्वीचा तह कळत नाही, तिथे पाद्र्याच्या पत्राची काय कथा?

कलकत्त्यातून हाकललेले जडसन आणि राइस मॉरिशसला जाऊन पडले. राइसला यकृताच्या दुखण्याने घेरलं होतं. दोघांनी मिळून बेत ठरवला, की राइसने मायदेशी परत जायचं, तिथल्या बॅप्टिस्टांना एकत्र करायचं, पैशांची तजवीज लावायची आणि लगेच उलट पावली यायचं. तोवर जडसनने कुठेतरी पाय रोवायचा. १८१३ च्या मार्चमध्ये राइस निघाला, ब्राझीलमार्गे सप्टेंबरात न्यूयॉर्कला उतरला. जडसन पतिपत्नी जुलैत रंगूनला पोचले.

राइस ‘येतोच’ म्हणून गेला तो गेलाच. पुढची तेवीस वर्षं तो ‘येतोच’ याच अवस्थेत होता.

यात त्याची लबाडी नव्हती. परत आलेल्या मिशनऱ्याचं एक दुखणं असतं. तो ज्या देशाबद्दल बोलतो तिथे तो आता नसतो आणि ज्या लोकांत बोलतो त्यांना तो तिथलाच वाटतो. राइसचं प्रकरण याहून अवघड, कारण ब्रह्मदेश त्याने पाहिलेलाच नव्हता. कलकत्ता पाहिलं होतं, मॉरिशस पाहिलं होतं. ब्रह्मदेश त्याच्यापर्यंत पोचायचा तो पत्रांतून, आणि पत्रं यायची ती समुद्राच्या मर्जीने. रंगूनहून थेट अमेरिकेकडे जाणारी जहाजं मिळणं दुरापास्त. पत्र आधी कलकत्त्याला जायचं, तिथल्या बॅप्टिस्टांच्या ओळखीने एखाद्या अमेरिकन कप्तानाच्या हाती पडायचं, मग चार-पाच महिने समुद्र. पत्र लिहून उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटलं तर नशीब चांगलं म्हणायचं. तरीही गावोगावच्या सभांत लोक त्यालाच विचारणार, की ब्रह्मदेशात सध्या कसं काय चाललंय? त्यातला ‘सध्या’ फार अवघड होता.

तिकडे रंगूनला गत उलटी. १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात तेहेतीस प्रतिनिधी जमले, बॅप्टिस्टांची पहिली राष्ट्रव्यापी परिषद भरली आणि जडसनला तिने आपला मिशनरी म्हणून रीतसर पदरात घेतलं. दर तीन वर्षांनी भरायची म्हणून तिला ‘त्रैवार्षिक परिषद’ हेच नाव पडलं. हे सगळं रंगूनला कळलं १८१५ च्या सप्टेंबरात. रंगूनला पाय ठेवल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ जडसन दांपत्याला मायदेशाचं पत्र नव्हतं. आपली नोकरी पक्की झाली की नाही हे माहीत नसताना सोळा महिने पक्क्या नोकरीत काम करणारा मनुष्य आजच्या सरकारी कचेरीतही सहज सापडायचा नाही.

इकडे परिषदेने राइसला जे काम दिलं त्याने त्याचा ‘येतोच’ कायमचा लांबला. त्याने देशभर हिंडायचं, संस्था उभ्या करायच्या आणि वर्गणी गोळा करायची. घोड्यावर आणि नंतर एकट्याच माणसाला बसता येईल अशा दोनचाकी गाडीतून तो अक्षरशः रानोमाळ भटकला. १८१७ च्या परिषदेपुढे त्याने हिशेब मांडला तो वर्षाकाठी सुमारे ७,८०० मैल प्रवासाचा. तेवढ्यात रंगूनच्या जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत जाता आलं असतं.

या भटकंतीत त्याला एक गोष्ट कळून चुकली. ठिकठिकाणचे बॅप्टिस्ट एकमेकांना ओळखतच नव्हते. व्हर्जिनियाच्या मंडळीला जॉर्जियात काय चाललंय हे जितपत ठाऊक होतं, तितपत ब्रह्मदेशातलंही होतं. राइसने ठिकठिकाणच्या संघांना एकमेकांशी पत्रव्यवहार करायला लावलं आणि बैठकींची छापील इतिवृत्तं एकमेकांकडे धाडायची सवय लावायचा सपाटा लावला. मिशनरी म्हणून निघालेला गडी बघता बघता टपालखात्याचा बिनपगारी अधिकारी होऊन बसला.

टपालाचे दरही याच दिशेला ढकलत होते. १८१६ च्या अमेरिकन दरपत्रकाप्रमाणे चारशे मैलांपलीकडे जाणाऱ्या एका कागदाच्या पत्राला पंचवीस सेंट पडत. कागद दोन, तर पैसे दुप्पट, आणि बहुतेक वेळा हे पैसे पत्र घेणाऱ्याने मोजायचे. त्यामुळे लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून वर उभं लिहीत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे हाल झाले तरी चालतील, पण खिशाला तोशीस नको. वर्तमानपत्राचं मात्र निराळं. १७९२ च्या कायद्याने ते शंभर मैलांपर्यंत एका सेंटात जायचं आणि त्यापुढे कितीही लांब असलं तरी दीड सेंटात. संपादकांनी एकमेकांना पाठवायच्या अंकांना तर टपालखर्चच माफ. म्हणजे मावशीच्या तब्येतीची चौकशी महाग आणि ब्रह्मदेशाचा वृत्तांत स्वस्त. सरकारनेच अशी सवलत दिल्यावर दुसऱ्याच्या पत्रातली बातमी उचलून आपल्या अंकात घालण्याचा धंदा फोफावला नसता तरच नवल.

आता छापायचं काय, हा प्रश्न उरला. इथे राइसची खरी पंचाईत होती. रंगूनच्या मिशनची पहिली सहा वर्षं धर्मांतरांची संख्या शून्य होती. जडसन भाषा शिकत होता, बायबल भाषांतरित करत होता, व्याकरण जुळवत होता. १८१६ च्या ऑक्टोबरात जॉर्ज हाऊ नावाचा मुद्रक सेरामपूरकरांनी भेट दिलेला छापखाना घेऊन रंगूनला पोचला. कॅरीने आपलं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली काढला तो याच सेरामपूरच्या मुद्रणालयातून, तेव्हा आपल्या भाषेच्या छपाईची ही चुलत शाखाच समुद्रापार गेली म्हणायची. टाइप आले, यंत्र आलं, कागद आला. ख्रिस्ती झालेला माणूस तेवढा आला नाही. केंटकीतल्या एखाद्या देवळात खडबडीत बाकांवर बसलेले शेतकरी वर्गणीचं नाणं मुठीत धरून विचारत, आतापर्यंत किती झाले? राइस उत्तर देई ते आशेबद्दल. तो आकड्यांचा माणूस नव्हताच, हे पुढे सगळ्यांना कळलं.

जडसनलाही ही कुणकुण होती. १८१६ च्या ऑगस्टमध्ये त्याने राइसला लिहिलेलं पत्र मिशनच्या इतिहासात गाजलं. मंडळींना म्हणावं, धीर धरा. ज्यांना या भरवशावर भाकरी लावायची नसेल त्यांनी लावू नये, पण इतर कुणी देत असतील तर त्यांचा हात तरी धरू नये. आणि आम्ही वीस-तीस वर्षं जगलोच, तर आमची खबर पुन्हा कानावर येईल. उपरोधाने लिहिलेला हा आकडा पुढे किती अचूक ठरायचा होता हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

१८१८ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून ‘लॅटर डे ल्युमिनरी’ नावाचं नियतकालिक निघालं. परिषदेच्या मंडळाचं ते मुखपत्र आणि त्यामागची धावपळ राइसची. मिशनची पत्रं, वर्गणीदारांच्या याद्या, सभांचे वृत्तांत असा ऐवज त्यात असे. १८१९ च्या २७ जूनला मौंग नाऊ या पहिल्या ब्रह्मी माणसाने बाप्तिस्मा घेतला. पहिली फळी फुटली. ही खबर अमेरिकन वाचकाच्या हाती पडेपर्यंत मौंग नाऊ चांगला मुरलेला ख्रिस्ती झाला होता, पण वाचकाने ती ताजी म्हणूनच वाचली. बातमीचं वय तिच्या जन्मापासून नाही, आपल्या दारात आल्यापासून मोजायचं, हा त्या काळाचा सर्वमान्य हिशेब होता.

एका नियतकालिकाने राइसचं भागलं नाही. १८२२ च्या फेब्रुवारीत त्याने वॉशिंग्टनला ‘कोलंबियन स्टार’ हे साप्ताहिक उभं केलं. त्याच्या वर्षभर आधी तिथेच कोलंबियन कॉलेजला सरकारी सनद मिळाली होती, तीही त्याच्याच खटपटीने. आजचं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ ते हेच. मिशनरी तयार करायचे तर शाळा हवी, शाळेला पैसा हवा, पैशाला प्रचार हवा, प्रचाराला पत्र हवं, पत्राला वर्गणीदार हवेत आणि वर्गणीदारांना ब्रह्मदेशाची बातमी हवी. साखळीच्या शेवटच्या टोकाला रंगून होतं. राइस पहिल्या टोकाला अडकला होता.

कॉलेज मात्र कर्जात गळ्यापर्यंत बुडालं, आणि हे बुडणं बाप्तिस्म्याचं नव्हतं. १८२६ च्या परिषदेत राइसच्या व्यवहाराची झडती झाली. चौकशीत लबाडी सापडली नाही. धड हिशेबही सापडला नाही. परिषदेने कॉलेजशी संबंध तोडला, राइसला कामावरून दूर केलं. साप्ताहिकही त्याच्या हातून सुटून फिलाडेल्फियाला गेलं, ‘ख्रिश्चन इंडेक्स’ असं नवं नाव घेऊन १८३३ साली जॉर्जियात पोचलं. जॉर्जियातल्या ज्या गावी ते गेलं त्याचंही नाव वॉशिंग्टनच. एका वॉशिंग्टनहून दुसऱ्या वॉशिंग्टनला जायला त्याला अकरा वर्षं लागली. राइस स्वतः कॉलेजसाठी वर्गणी मागत दक्षिणेत हिंडत राहिला आणि १८३६ च्या सप्टेंबरात साउथ कॅरोलिनात वारला. मरताना त्याने सांगितलं, की माझी गाडी, घोडा आणि सामान कॉलेजकडे पोचतं करा. त्याची इस्टेट म्हणजे तेवढंच.

दरम्यान ब्रह्मदेशाकडून बातमीच येईनाशी झाली. १८२४ साली इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटलं आणि ८ जूनला आवा या राजधानीत जडसनला पकडून तुरुंगात घातलं. कारण ऐकण्यासारखं आहे. राजधानीत गाउजर नावाचा इंग्रज व्यापारी होता. अमेरिकेहून येणारे मिशनचे पैसे बंगालमार्गे फिरत फिरत त्याच्याकडून जडसनला मिळत. गाउजरच्या वह्या तपासताना जडसनला पैसे दिल्याच्या नोंदी सापडल्या. इंग्रज याला पैसे देतो, म्हणजे हा इंग्रजांचा हेर. दरबारी तर्क सरळ होता. अमेरिकेतल्या भाविक बायांनी नाणं नाणं करून जमवलेला निधी असा त्याच्या पायांतल्या बेड्यांच्या कामी आला. दीड-दोन वर्षं माणूस जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही आणि मासिकं मात्र वेळेवर निघताहेत. अंक कोरा सोडता येत नाही, हे संपादकाचं दुःख मिशनऱ्याच्या दुःखाहून जुनं आहे.

जडसन सुटला, पण त्याच्यासाठी तुरुंगाच्या दारांशी खेटे घालणारी अ‍ॅन १८२६ साली वारली. तिचं चरित्र १८२९ मध्ये जेम्स नोल्सने लिहिलं. नोल्स म्हणजे राइसच्या ‘कोलंबियन स्टार’चा पहिला संपादक. पत्रांतून आलेली माणसं मासिकांत गेली आणि मासिकांतून पुस्तकांत. खुद्द जडसनने याच सुमाराला आपल्याजवळचा जुना पत्रव्यवहार जाळून टाकला. त्याच्याविषयी इतकं छापून येत होतं, की मूळ कागदांची गरज बहुधा त्याला वाटली नसावी.

समुद्र किती मंद होता याचा एक पुरावा बॉस्टनच्या व्यापाऱ्याने दिला. फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ च्या मेमध्ये ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडलं. चार महिन्यांनी विषुववृत्त ओलांडून ते पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शाबूत होतं. पुढच्या वर्षी त्याचं बर्फ मुंबईलाही आलं आणि तिथल्या साहेबांच्या पेल्यांत किणकिणू लागलं. त्याच मार्गाने आलेल्या बातम्यांत इतका ताजेपणा शिल्लक राहत असेल, असं म्हणायला धीर होत नाही.

१८४५ च्या ऑक्टोबरात जडसन बॉस्टनला उतरला. निघून तेहेतीस वर्षं झाली होती आणि राइसला ते पत्र लिहून एकोणतीस. वीस-तीस वर्षांनी खबर येईल म्हणाला होता. खबर स्वतःच्या पायांनी आली. त्याला बघायला तोबा गर्दी. पण घशाच्या विकाराने आवाज बसलेला, कुजबुजण्यापलीकडे बोलता येईना. तो पुटपुटायचा आणि शेजारी उभा राहून दुसरा कुणीतरी ते मोठ्याने सांगायचा. शिवाय लोकांना हव्या होत्या गोष्टी. वाघ, बेड्या, सोन्याचे देऊळकळस. मासिकांतून तीन दशकं या गोष्टी वाचून त्यांना जडसनचं आयुष्य जडसनपेक्षा चांगलं पाठ झालं होतं. त्याने सांगितला फक्त ख्रिस्त. एका सभेनंतर श्रोते हिरमुसले हे त्याच्या कानावर घातलं गेलं, तेव्हा त्याचं म्हणणं असं पडलं, की माझ्याजवळची सर्वांत चांगली गोष्ट मी सांगितली की!

तो गेला तेव्हा देशात आगगाडी नव्हती. आता होती, आणि तिच्या डब्यांतून वर्तमानपत्रं विकणारी पोरंही होती. एका प्रवासात असाच एक पोऱ्या अंक घेऊन आला. जडसनने अंक घेतला, मान लववून आभार मानले आणि तो वाचायला लागला. पोरगा हलेना. जडसन वाचतोय, पोरगा उभा आहे. या पोराला काय हवंय ते जडसनला कळेना आणि या सभ्य म्हाताऱ्याला कसं सांगावं ते पोराला. शेवटी जवळ बसलेल्या बाईंनी सांगितलं, की तो पैशांसाठी थांबला आहे. जडसन चकितच झाला. ब्रह्मदेशात तो इतकी वर्षं छापील कागद फुकट वाटत आला होता, की कागदाचे पैसे पडतात ही कल्पनाच डोक्यातून गेली होती. १८३१ सालच्या यात्रेच्या दिवसांत रंगूनमध्ये त्याने जवळजवळ दहा हजार पत्रकं वाटली होती, तीही फक्त मागायला येणाऱ्यांनाच. त्यातल्या एकालाही त्याने पैशांसाठी असं ताटकळवलं नव्हतं.

वाचनाचा दुसरा प्रसंग महागात पडला. त्या डिसेंबरात गिलेट नावाचे धर्मगुरू त्याला फिलाडेल्फियाला घेऊन चालले होते. वाटेत अपघातामुळे गाडी खोळंबली. पाहुण्याचा वेळ जावा म्हणून गिलेटनी त्याच्या हाती एक पुस्तक दिलं. ‘ट्रिपिंग्ज इन ऑथर-लँड’, लेखिका फॅनी फॉरेस्टर. मासिकांत आलेल्या हलक्याफुलक्या कथांचा तो संग्रह. ही फॅनी म्हणजे एमिली चबक, शाळेतली शिक्षिका. तिने आधी मुलांसाठी सदाचाराची पुस्तकं लिहून पाहिली होती, त्यांत पोट भरेना. मग १८४४ साली ‘न्यू मिरर’च्या संपादकाला न्यूयॉर्कच्या दुकानांतल्या खरेदीवरून एक लाडिक, खोडकर पत्र धाडलं. संपादकाने ते छापलं आणि बाई रातोरात प्रसिद्ध झाल्या. सदाचाराला जे जमलं नाही ते एका खोडकर पत्राने केलं.

जडसनने पुस्तक चाळलं आणि मत दिलं, की लेखणी झकास आहे, पण इतकी चांगली लेखणी असल्या विषयांवर खर्च व्हावी ही खेदाची गोष्ट. बाईंना भेटायला हवं. गिलेट म्हणाले, सहज जमेल, त्या सध्या माझ्याच घरी मुक्कामाला आहेत. दुसऱ्या दिवशी भेट झाली तेव्हा फॅनी फॉरेस्टर बाही वर करून देवीची लस टोचून घेत होत्या. टोचणं उरकल्यावर जडसनने त्यांना बाजूला बसवलं आणि विचारलं, की ही बुद्धी अशा कथांवर का उधळता? बाईंनी रोखठोक कारण सांगितलं: आईवडिलांचं पोट माझ्यावर आहे आणि असलं लिहिल्यावरच पैसे मिळतात. मग त्याने मुद्द्याला हात घातला. त्याची दुसरी पत्नी सेरा याच प्रवासात सेंट हेलेनाला वारली होती. तिचं चरित्र लिहाल का?

काम चरित्राचं निघालं होतं. महिनाभरात ते लग्नावर आलं.

२ जून १८४६ रोजी लग्न लागलं. वर सत्तावन्न वर्षांचा, वधू अठ्ठावीस. एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत झालं, की हे लग्न होऊ नये. वाङ्मयीन मंडळी हळहळली, की आपली फॅनी म्हाताऱ्या पाद्र्याबरोबर रानावनात चालली. बॅप्टिस्ट मंडळी कुरकुरली, की आपला साधुपुरुष मासिकात कथा लिहिणाऱ्या पोरीच्या नादी लागला. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. ही बातमी मात्र अमेरिकेतच घडली असल्यामुळे अगदी ताजी मिळाली.

जुलैत दोघं बॉस्टनहून निघाली, नोव्हेंबरअखेर ब्रह्मदेशात मौलमीनला उतरली आणि पुढे काही महिने रंगूनला राहिली. तिथलं विटांचं अंधारं घर वटवाघळांनी इतकं भरलं होतं, की एमिलीने त्याचं नाव ‘बॅट कॅसल’ ठेवलं आणि आपल्या या बिनभाड्याच्या सहनिवाशांची वर्णनं घरी लिहून पाठवली. पत्रं पूर्वीच्याच वाटेने, पूर्वीच्याच सवडीने गेली. लेखणीचा खट्याळपणा टपालाच्या प्रवासात उतरला नाही.

ठरलेलं कामही तिने ब्रह्मदेशात बसून हातावेगळं केलं. सेरा जडसनचं चरित्र १८४८ साली न्यूयॉर्कला छापून निघालं. विषय एका मिशनरी स्त्रीचं पुण्यशील जीवन, वाचक चर्चला जाणारी बॅप्टिस्ट कुटुंबं, आणि मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव फॅनी फॉरेस्टर.